सहा घरं भरायला लागणारा वेळ

बोग्ना कुराश माझ्या दुकानात आली ती नवऱ्याचा जीव वाचवायला, आणि मी तिला वर भेटवस्तू देऊन माल विकला. हे वाक्य आज मला सरळ लिहिता येतं. त्या दिवशी ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही. अजूनही भांडी घासताना मधेच आठवतं, आणि नळ वाहत राहतो नि मी तशीच उभी राहते.

माझं दुकान पोलंडमधल्या रादोम शहराच्या मंडईमागे आहे, एका बाजूला चांभार, दुसऱ्या बाजूला लोकरीचं दुकान. ठासणीच्या रिव्हॉल्व्हरला जे जे लागतं ते सगळं माझ्याकडे मिळतं. रिव्हॉल्व्हर मी विकत नाही. ती लोक कुठून कुठून आणतात, या जुन्या पद्धतीच्या हत्याराला परवानाही लागत नाही. पण भरायची कशी, हे शिकायला शेवटी लुडविकाच्या, म्हणजे माझ्याच, पायऱ्या चढाव्याच लागतात. कारण ही काही काडतूस सरकवलं आणि झालं अशातली गोष्ट नाही. ढोलक्याला, म्हणजे मधल्या फिरत्या गोल भागाला, सहा घरं. प्रत्येक घरात आधी बंदुकीची दारू, त्यावर चिमूटभर रवा. हो, रवाच, पोरांना दुधात शिजवून देतो तो. मग शिशाची गोळी दाबून ठासायची, तोंडावर चरबी नि मेणाचा लेप द्यायचा, आणि मागच्या छोट्या नळीवर ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. असं सहा वेळा. यातल्या एकेका पायरीसाठी डझनभर साधनं आहेत, आणि कुणाला कुठलं शोभेल हे माणसाच्या बोटांकडे बघून मी सांगते. निदान तेव्हा तरी मला तसं वाटायचं.

ती ऑगस्टमधल्या एका मंगळवारी आली. बोग्ना इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करते, हात कायम वाफेनं लाल. तिचा नवरा झेनेक आमच्या नेमबाजी क्लबात नऊ वर्षं आहे. तिला मी नाताळच्या जेवणात बघितलं होतं तेवढंच.

"लुडविकाबाई, झेनेकसाठी भरायचं सामान हवंय," ती म्हणाली.

"त्याच्या नावाच्या संताचा दिवस आलाय वाटतं?"

"नाही. असंच." तिनं काउंटरवरच्या मालावरून नजर फिरवली. "यात सगळ्यात जास्त वेळ कशाला लागतो?"

"कमी वेळ म्हणायचंय तुम्हाला."

"नाही. जास्त."

बावीस वर्षं मी या धंद्यात आहे. लवकर भरणारं द्या, हात काळे न होणारं द्या, डोळ्यांना कमी दिसणाऱ्याला जमेल असं द्या, हे सगळं ऐकलंय. वेळ लागणारं द्या, असं म्हणणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. मी हसलेच. तरी चोचीचं पितळी भांडं काढून तिच्यापुढे ठेवलं.

"हे घ्या मग. आजोबांच्या काळातलं. यात दारू ठेवायची, चोचीवर बोट धरून उलटं करायचं, खटका दाबायचा, की एका घरापुरती दारू चोचीत उतरते. ती ओतायची. सहा घरं भरून, ठासून, लेपून व्हायला दहा-बारा मिनिटं कुठे गेली नाहीत. हात कापत असले तर पंधरा."

"पंधरा," ती म्हणाली. मी काही किंमत सांगितल्यासारखी तिनं ती मनात मोजून घेतली. "आणि मधेच कंटाळा येऊ शकतो ना माणसाला? म्हणजे, मधेच सोडून द्यावंसं वाटू शकतं?"

"कंटाळा? अहो, मधेच शिंक येते नि दारू टेबलभर होते. फोन वाजतो. अर्धी माणसं तीन घरं भरून चहाला निघून जातात."

"मग हेच द्या."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या मंडईला माहीत आहे. मला वाटलं, हिला नवऱ्याचा छंद खुपतोय, म्हणून त्याच्या गळ्यात लोढणं अडकवायला आलीय.

"बोग्नाबाई, नवऱ्याला बटाटे सोलायला बसवायचं असेल तर सरळ बसवा की. असा छळ कशाला मांडताय?"

ती हसली, पण जरा उशिरा हसली. तेसुद्धा मला दिसलं होतं. दिसलं आणि मी सोडून दिलं.

मग मी शहाणपण सुरू केलं. भांड्यातून थेट घरात दारू ओतायला आमच्या मैदानावर बंदी आहे. आधीच्या बाराची एखादी ठिणगी घरात शिल्लक असली तर अख्खं भांडं हातात उडतं. म्हणून माणसं घरूनच एकेका बारापुरती दारू कुप्यांत भरून आणतात. मी कुप्यांचा डबा उघडला. लाकडी डबा, आत तीस भोकं, तीस तपकिरी कुप्या, बोटाएवढ्या. मग काढलं माझं लाडकं यंत्र. टेबलाला पेचानं आवळायचं, ढोलकं रिव्हॉल्व्हरमधून काढून त्यात बसवायचं, कुपी उपडी करायची, गोळी ठेवायची, दांडा खाली ओढायचा, की पुढचं घर.

"दीड मिनिट," मी छाती फुगवून म्हटलं. "लेपासकट सहाही घरं. घड्याळ लावून बघा."

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, महाग पडतंय.

"यंत्र नको," ती म्हणाली. एक कुपी उचलून तिनं खिडकीकडे धरली, हलवून पाहिली. "यात काय आहे ते बाहेरून दिसत नाही."

"कशाला दिसायला हवं? दारूच असणार."

"असे दोन डबे द्या. अगदी एकसारखे."

दोन डबे! पितळी भांडं राहिलं बाजूला आणि मी खूश. इतकी खूश की काउंटरखालचं नमुन्याचं यंत्र काढून तिच्या पिशवीत घातलं. तिनं ते काढून परत ठेवलं. मी पुन्हा घातलं. ती ते काउंटरवर ठेवून निघून गेली. आणि मी काय करावं? दुकान उघडं टाकून बस थांब्यापर्यंत तिच्यामागे धावले आणि चारचौघांत ते यंत्र तिच्या पिशवीत कोंबलं. "घ्या हो, लाजता काय! झेनेक घरचाच आहे!" बस आली, ती चढली. काचेतून तिनं माझ्याकडे पाहिलं, ते आभार मानणाऱ्या माणसाचं पाहणं नव्हतं.

त्यानंतर दोन महिने गेले. ऑक्टोबरमधला शनिवार, क्लबाची वर्षातली शेवटची स्पर्धा. आमचं मैदान गावाबाहेर वाळूच्या जुन्या खाणीत आहे. मी शिट्टी, घड्याळ आणि शिस्त सांभाळते. शिस्त म्हणजे आरडाओरडा.

झेनेक तिसऱ्या टेबलावर होता. उंच, शांत, गुळगुळीत दाढी केलेला माणूस. चौतीस वर्षं त्यानं लेथ चालवला. फेब्रुवारीत कारखाना बंद झाला. तेव्हापासून तो उतरत चालला होता, सदरा खांद्यावरून लोंबायचा. सप्टेंबरात मीच त्याला म्हटलं होतं, "काय रे, या वयात सिनेमात काम करायचा बेत आहे का?" तो म्हणाला होता, "बघू." एवढंच.

त्या सकाळी त्यानं सावकाश भरलं. कुपी उपडी केली, रवा घातला, गोळी ठासली, लेप दिला. शेजारच्या टेबलावर रिशेक खाटीक, आमचा विदूषक, तोवर कधीच भरून मोकळा झाला होता. मी शिट्टी वाजवली. खाण धुरानं भरली, सगळीकडे धडाम धडाम. आणि तिसऱ्या टेबलावरून आवाज आला, टप.

नुसती टोपी फुटली होती. होतं कधीकधी. झेनेकनं नियमाप्रमाणे नळी निशाणाकडेच धरून ठेवली, एक मिनिट थांबला. पुन्हा चाप ओढला. टप. पुन्हा मिनिटभर थांबला. टप. सहा वेळा असं झालं, आणि प्रत्येक वेळी तो शांतपणे साठ आकडे मोजून थांबला. तोवर बाकीच्यांचे बार संपले होते आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. बावीस माणसं.

"दारू भिजली असणार," मी म्हणाले. ढोलकं काढून घेतलं, पान्यानं मागची छोटी नळी सोडवली, आणि वर्तमानपत्रावर ढोलकं आपटलं. निळसर काळा ढीग पडला. कोरडा ठणठणीत. मला काही कळेना. रिशेकनं बोट ओलं करून त्यात बुडवलं आणि सरळ तोंडात घातलं. मी ओरडणार, तेवढ्यात त्याचे डोळे गोल झाले.

"खसखस!" तो म्हणाला. "आईशप्पथ, खसखस आहे!"

आम्ही दुसरं घर सोडवलं. खसखस. तिसरं. खसखस. नाताळच्या रोलमध्ये घालतो तीच, आमच्याकडची निळी-काळी. आणि मग जे हसू फुटलं! माणसं टेबलं धरून हसत होती.

"रवा आधीच घालतोस," रिशेक ओरडला, "आता खसखस घातलीस, पुढच्या शनिवारी मनुका घाल नि भट्टीत ठेव! दुपारी सगळ्यांना एकेक तुकडा!"

मी कशी मागे राहीन? "झेनेक," मी म्हणाले, "बंदुकीच्या दारूच्या जागी खसखस, तर मग प्यायच्या बाटलीत काय भरलंय बायकोनं? बीटचा रस?" यावर सगळ्यात मोठा हशा पिकला, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

झेनेक हसला नाही. तो चिडलाही नाही. त्यानं आमच्यातल्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, सावकाश, रांगेनं. मग "ठीक आहे" म्हणाला, ढोलकं माझ्या हातातून घेतलं, सगळं पुसून पिशवीत भरलं, सायकलवर बसला आणि गेला. कुणीतरी मागून ओरडलं, "पेठेतून साखर आण!" ते कुणाचं होतं ते मला माहीत आहे, पण सांगत नाही. माझं नव्हतं एवढंच.

मधल्या सुट्टीत सगळे चहा पीत होते, आणि माझ्या तोंडात अजून ते हसू घोळत होतं. असला किस्सा एकटीनं कसा पचवायचा? मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात फोन लावला आणि बोग्नाला बोलावून घेतलं.

"बोग्नाबाई, काय घोळ घातलात हो! तुमचा नवरा आज इथे बेकरी उघडून बसला होता!"

मागे पातेल्यांचे आवाज येत होते. 

"हॅलो? अहो, खसखस निघाली सहाही घरांतून!"

"पण सकाळी मी दारूचा डबा ठेवला होता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दोन डबे आहेत. एकात दारू, एकात खसखस. शनिवारी सकाळी दारूचा डबा गॅरेजमध्ये ठेवते. संध्याकाळी तो परत आला की बदलते. उरलेला आठवडा तिथे खसखस असते. ऑगस्टपासून करतेय. आज सकाळी मी स्वतः बदलला होता."

माझ्या तोंडावर हसू तसंच चिकटून राहिलं होतं. ते काढायचंही सुचेना. "पण हे सगळं कशासाठी?" मी विचारलं.

"लुडविकाबाई, त्यानं मासे धरायच्या काठ्या शेजाऱ्याला देऊन टाकल्या. हिवाळ्याचा कोट मेहुण्याला दिला. हत्यारं पुसून कागदात गुंडाळली, नि प्रत्येकावर नाव लिहिलं, कुठलं कुणाला द्यायचं ते. कशासाठी असेल, तुम्हीच सांगा."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. शब्दशः, कारण मी खाणीच्या उतारावर उभी होते आणि मला मटकन बसावं लागलं.

"मग ते पिस्तूल उचलून फेकून द्यायचं होतंत!" मी तिच्यावरच ओरडले. बघा, तेव्हाही मी तिच्यावर ओरडले.

"उचललं तर त्याला कळेल की मला कळलंय. मग तो दुसरं काहीतरी शोधेल, आणि ते काय असेल ते मला कळणार नाही. आणि शनिवारी मैदानावर जायचं म्हणून तो दाढी करतो, बाई. तेवढ्यासाठीच उठतो. डॉक्टरची वेळ दोनदा घेतली, दोनदा तो दारातून परत आला." तिचा आवाज एकदम तुटला. "तो कुठाय आत्ता?"

"घरी गेला."

"कधी?"

"वीस... पंचवीस मिनिटं झाली."

"खसखशीचा डबा मी पिठाच्या पिंपामागे लपवला होता. तो त्यानं शोधून नेला. म्हणजे त्याला सगळं माहीत आहे. म्हणजे दारूचा डबा गॅरेजमध्येच आहे. तुमचं ते यंत्र त्यानं पहिल्याच दिवशी पिशवीतून काढून नेलं, तेही तिथेच आहे." ती भरभर बोलत होती. "मी रुग्णवाहिकेला फोन करते. मला पोचायला अर्धा तास लागेल. तुमच्याकडे गाडी आहे. जा. जा ना!"

मी शिट्टी रिशेकच्या हातात कोंबली आणि गाडीकडे पळाले. तो मागून काहीतरी गमतीचं विचारत होता. मी वळून पाहिलं तेव्हा तो अर्ध्या वाक्यात थांबला. माझं तोंड कसं दिसत होतं कोण जाणे.

रस्त्यात कोबीनं भरलेला ट्रॅक्टर पुढे आला. ना पुढे जाता येई, ना मागे. मी भोंगा वाजवत राहिले आणि डोक्यात आकडे सुरू झाले. सायकलवर वीस मिनिटं, म्हणजे तो पोचून पाच मिनिटं झाली. पितळी भांड्यानं भरत असता तर अजून तिसऱ्या घरावर असता. शिंक आली असती. फोन वाजला असता. हात थांबला असता. ती बाई माझ्या काउंटरपुढे उभी राहून नवऱ्यासाठी पंधरा मिनिटं मागत होती. मी तिला दीड दिलं. तिनं नको म्हटलं, परत केलं, पुन्हा परत केलं, आणि मी बस थांब्यापर्यंत धावत जाऊन ते तिच्या पिशवीत कोंबलं. फुकट!

मी मोठ्यानं किंचाळले. ट्रॅक्टरवाल्यानं घाबरून ट्रॅक्टर चरात घातला आणि मी पुढे निघाले.

त्यांच्या इमारतींमागे पत्र्याच्या गॅरेजांची रांग आहे. सातव्या गॅरेजला त्याची सायकल टेकवलेली होती. दार लोटलेलं होतं. मी बाहेर उभी राहिले, आणि खरं सांगते, ते दार ढकलायचं मला धैर्य होईना. आतून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. बार झाला असता तर शेजारीपाजारी बाहेर आले असते, असं मी स्वतःला सांगितलं. मग वाटलं, शनिवारी दुपारी शेजारीपाजारी बाजारात असतात. मी दार ढकललं.

झेनेक स्टुलावर बसला होता. जिवंत होता. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही.

त्याच्यापुढे टेबलाला माझं यंत्र आवळलेलं होतं आणि यंत्रात ढोलकं होतं. सहाही घरं भरलेली, गोळ्या एका पातळीत ठासलेल्या, वर लेप, बोटानं गुळगुळीत केलेला. शेजारी दारूच्या सहा कुप्या रिकाम्या, ओळीनं उभ्या. टोप्यांची डबी बंद होती. तिच्यावर त्याचा हात होता.

 माझ्या हातांनी आपलं काम केलं. दांडा वर केला, ढोलकं उचललं आणि हत्यार धुवायला ठेवलेल्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकलं. पाठोपाठ टोप्यांची डबी त्याच्या हाताखालून ओढली आणि तीही उघडून पाण्यात ओतली. मग सगळा डबा. त्यानं अडवलं नाही. कुप्या वर तरंगायला लागल्या, त्या मी एकेक करून उघडून बुडवल्या.

"चांगली दारू होती," तो म्हणाला.

"चुलीत गेली तुझी दारू," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. मी एका उपड्या पेटीवर बसले.

तो मला रडू देत होता. मग म्हणाला, "बोग्नानं पाठवलं तुला."

"तिला वाटलं, तू चुकून डबा बदललास..." मी खोटं बोलायला गेले, कारण मला दुसरं काय बोलावं ते कळेना.

"चुकून?" त्याला जवळजवळ हसू आलं. "लुडविका, चौतीस वर्षं मी केसाच्या जाडीचा फरक बोटांनी सांगत आलो. खसखशीची कुपी हातात हलकी लागते. वासही वेगळा. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारीच कळलं मला."

"आणि तू बोलला नाहीस तिला?"

"काय बोलू? ती पहाटे उठून अनवाणी इथे येते. डबे बदलते. परत जाऊन झोपल्याचं सोंग करते. मी जागा असतो, झोपल्याचं सोंग करून. तिनं एवढं केल्यावर कुठल्या तोंडानं सांगू की मला कळलंय?"

"मग आज तो डबा मैदानावर का आणलास? मुद्दाम आणलास?"

त्यानं मान डोलावली. तो स्वतःच्या बोटांकडे बघत होता. लेपाची चरबी अजून नखांत होती.

"मला तोंडानं सांगता येत नाही," तो म्हणाला. "डॉक्टरच्या दारापर्यंत गेलो दोनदा. घंटीवर बोट ठेवलं आणि परत आलो. बोग्नापुढे तर दातखीळच बसते. मग विचार केला, मैदानावर नेऊ. सहाही बार फुकट जाणार. तू नियमाप्रमाणे पाना काढणार, नळी सोडवणार. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे खसखस पडणार. मी साठ आकडे मोजत होतो ना, तेव्हा हेच मनात होतं, की आता थोडंच राहिलंय. आता कुणीतरी विचारेल. बावीस माणसं आहेत, त्यातला एक तरी विचारेलच, की झेनेक, शहाणीसुरती बाई नवऱ्याच्या दारूच्या जागी खसखस का भरते?"

 त्याचं ते रांगेनं एकेकाच्या तोंडाकडे बघणं मला पुन्हा दिसलं.

"आणि आम्ही हसलो," मी म्हणाले.

"हो."

"मी सगळ्यात मोठ्यानं."

"हो," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पत्र्यावर कुणाची तरी कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज येत होता. मला क्षमा मागायची होती, पण माझ्या क्षमेचं त्याला काय करायचं होतं? त्याला दुसरंच काहीतरी हवं होतं, आणि ते मागायला तो वाळूच्या खाणीत सहा वेळा चाप ओढून उभा राहिला होता. मी बाहीनं नाक पुसलं. 

"झेनेक," मी म्हणाले, "शहाणीसुरती बाई नवऱ्याच्या दारूच्या जागी खसखस का भरते?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले.

"कारण मला मरायचं होतं," हातांच्या आतून तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून."

मग तो बोलायला लागला. कुठून सुरू करावं हे न कळून मधूनच सुरू झाला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. थोड्या वेळानं इस्पितळाचा पांढरा ॲप्रन तसाच अंगावर घेऊन बोग्ना धापा टाकत दारात येऊन उभी राहिली, मागून रुग्णवाहिकेचा भोंगा जवळ आला, तरी तो थांबला नाही.